आरएस-४८५ बोर्ड : एकेकटं मीटर बोलतं, सगळी जोडली की गप्प

भोसरीचा_वायरमन

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपसाठी डेटा गोळा करणारा बोर्ड बसवायचा आहे. सध्याची मांडणी अशी :

ईएसपी३२ डेव्ह बोर्ड (वायफायवाला छोटा कंट्रोलर), त्याला निळं मॅक्स४८५ मॉड्यूल (कंट्रोलरचा सिग्नल आरएस-४८५ च्या दोन तारांवर नेणारा ट्रान्सीव्हर; पुण्याच्या तपकीर गल्लीत सगळीकडे मिळतं तेच). बसवर (सगळ्यांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर) सहा एनर्जी मीटर आणि कॉम्प्रेसरचा एक ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा). मॉडबस आरटीयू (मास्टर म्हणजे ईएसपी विचारतो, मीटर उत्तर देतं अशी भाषा), ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), एट-एन-वन (आठ डेटा बिट, पॅरिटी म्हणजे तपासणीचा बिट नाही, एक स्टॉप बिट). पहिल्या पॅनेलपासून शेवटच्या मीटरपर्यंत साधारण ६० मीटर केबल. याशिवाय एका वजनकाट्याचा इंडिकेटर आहे, त्याला आरएस-२३२ पोर्ट आहे.

टेबलावर एकेक मीटर जोडलं तर वाचन चोख येतं. सगळी एका केबलवर घेतली की जवळची दोन बोलतात, बाकी टाइमआउट. मध्येच सीआरसी एरर (पॅकेटच्या शेवटचा तपासणी-आकडा जुळत नाही). टाइमआउट २०० मिलिसेकंदांवरून १००० केला, काडीचा फरक नाही.

प्रश्न तीन. लायब्ररी बदलू का? निळं मॉड्यूल टाकून देऊन स्वतःचा बोर्ड करावा का? आणि वजनकाटा त्याच बोर्डावर कसा घ्यायचा?

खटपटे

लायब्ररीला हात लावू नका. एकटं मीटर बोलतंय याचा अर्थ कोड, पत्ता, बॉड रेट सगळं ठीक आहे. दुखणं तांब्यात आहे.

बसवरच्या सगळ्या उपकरणांचा सप्लाय बंद करा आणि मल्टिमीटरने ए आणि बी (४८५ च्या दोन तारा) यांच्यामध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आला तर दोन्ही टोकांना १२०-१२० चे टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लावलेले रेझिस्टर) आहेत, जसे हवेत तसे. १२० आला तर एकच आहे, किंवा केबल मध्ये कुठेतरी तुटली आहे. ४० आला तर तीन. हजारांत आला तर एकही नाही. दहाच्या खाली असेल तर कुठेतरी शॉर्ट, बहुतेक वेळा टर्मिनलमधून बाहेर आलेली एखादी तार.

आकडा इथे लिहा. "बरोबर आला" एवढंच लिहू नका.

चकलीचा_ट्रान्सफॉर्मर

उद्या गुरुवार. भोसरीत सप्लाय आपोआप बंद. ओहम मोजायला याहून चांगला मुहूर्त नाही.

अर्धा_व्होल्ट

@खटपटे, सहमत, पण एक सांगा. ९६०० ला ६० मीटरवर टर्मिनेटर हवेतच कशाला? केबलमध्ये सिग्नल दर मीटर लांबीला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. जाऊन-येऊन १२० मीटर म्हणजे ६०० नॅनोसेकंद. ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो आणि रिसीव्हर तो मधोमध वाचतो. परावर्तन दहा वेळा येऊन गेलं तरी ६ मायक्रोसेकंदांत शांत होतं. उगाच ६० ओहमचं ओझं ड्रायव्हरच्या डोक्यावर कशाला?

सौदामिनी

@अर्धा_व्होल्ट, हिशोब बरोबर आहे, पण बॉड रेट कमी असला म्हणून सिग्नलची कड मंद होत नाही. मॅक्स४८५ अडीच मेगाबिटचा चिप आहे, त्याची कड ९६०० लाही तितकीच तीक्ष्ण असते. उघड्या टोकावर ती आदळून रिंगिंग होतं आणि स्टार्ट बिटच्या सुरुवातीला खोटी धार दिसू शकते. बहुतेक यूएआरटी (कंट्रोलरमधला सिरियल पोर्ट) सोळा पट सॅम्पलिंग करून ती गाळतात, म्हणून चालून जातं. "चालून जातं" आणि "बरोबर आहे" यात फरक आहे.

टर्मिनेटर काढायचाच असेल तर मॅक्स४८७ घ्या. पिना त्याच, जागेवर बसतो, कड मुद्दाम मंद केलेली, २५० किलोबिटपर्यंत चालतो. शिवाय त्याचं ओझं पाव युनिट, त्यामुळे ३२ ऐवजी १२८ नोड (बसवरची उपकरणं) बसतात.

अर्धा_व्होल्ट

मॅक्स४८७ चा मुद्दा मान्य. टर्मिनेटरवर मत कायम. ९६०० ला शंभर मीटरच्या आत मी बायस (शांत बसला ठरावीक व्होल्टवर धरणारे रेझिस्टर) ठेवीन आणि टर्मिनेटर काढीन.

भोसरीचा_वायरमन

मोजलं. ३१ ओहम.

खटपटे

चार टर्मिनेटर. १२० भागिले ४ म्हणजे ३०, बाकी एक ओहम केबलचा आणि तुमच्या प्रोबचा.

आता शोधा. पहिला तुमच्याच निळ्या मॉड्यूलवर आहे : आर७ नावाचा बारका एसएमडी, त्यावर १२१ छापलेलं असतं (१२ आणि पुढे एक शून्य, म्हणजे १२० ओहम). तो कायमचा सोल्डर केलेला येतो, जंपर नाही. दुसरा ड्राइव्हमध्ये असणार, कंट्रोल टर्मिनलशेजारी बारीक डिप स्विच बघा. उरलेले दोन मीटरच्या मागे, काहींना स्विच असतो आणि काहींना एक वेगळं टर्मिनल असतं जे लिंकने जोडलेलं येतं.

४८५ च्या ड्रायव्हरने ५४ ओहमच्या ओझ्यावर किमान दीड व्होल्ट द्यायचा असं स्टँडर्ड सांगतं. तुम्ही त्याला ३० वर राबवताय. जवळच्या दोघांना तरी ऐकू जातंय हेच नशीब.

एक टर्मिनेटर केबलच्या एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला. मधल्या सगळ्यांचे बंद. बोर्ड मध्ये कुठेतरी असेल तर त्याचाही काढा. मास्टर टोकालाच असला पाहिजे असं काही नाही.

सौदामिनी

टर्मिनेटर दोनावर आले की दुसरी गोष्ट : बायस. बसवर कोणीच बोलत नसतं तेव्हा ए-बी मधला फरक ठरावीक दिशेला किमान २०० मिलिव्होल्ट पाहिजे. त्याहून कमी असला तर रिसीव्हरने काय समजायचं हे स्टँडर्डच सांगत नाही. मग शांत बसवरही तो हवेतले बाइट वाचतो, खऱ्या उत्तराच्या आधी एखादं शून्य चिकटतं आणि तुमचा सीआरसी कोसळतो.

निळ्या मॉड्यूलवर बायससाठी २० किलो-ओहमची जोडी आहे. ५ व्होल्ट, वरून २० के, मध्ये ६० ओहम, खाली २० के : पदरात पडतात साडेसात मिलिव्होल्ट. म्हणजे बायस नाहीच.

वरून ५६० आणि खालून ५६० लावा. ५ गुणिले ६० भागिले ११८० म्हणजे २५४ मिलिव्होल्ट. सात नोडच्या रिसीव्हरचं ओझं धरलं तरी २४५ च्या आसपास राहतो. ६८० लावलात तर २११, काठावर. चिप ३.३ व्होल्टचा असेल तर ५६० पुरत नाही (१६८ मिलिव्होल्टच मिळतात), तिथे ३९० लावा, २३६ मिळतात.

बायसची जोडी अख्ख्या बसवर एकाच ठिकाणी. प्रत्येक नोडवर लावत सुटू नका, नाहीतर टर्मिनेटरसारखीच गर्दी होईल.

मोजायचं कसं : सगळं चालू, मास्टरचं पोलिंग बंद, ए-बी वर डीसी मिलिव्होल्ट. केबलच्या दोन्ही टोकांना मोजा, एकाच टोकाला नाही.

पिरंगुटकर

आणि चिन्ह बघा. उणे आलं तर ए-बी उलटे.

इथे कंपन्यांचा घोळ आहे. स्टँडर्डप्रमाणे बस शांत असताना बी हा ए पेक्षा वर असतो. बऱ्याच ट्रान्सीव्हर चिपवर मात्र नॉन-इन्व्हर्टिंग पिनला ए म्हणतात, म्हणजे नेमकं उलट. मीटरवाले यांपैकी कोणाचं तरी ऐकतात. त्यामुळे एका मीटरचा ए दुसऱ्याच्या बी ला जोडावा लागतो आणि पॅनेल वायरिंग करणारा तुमच्याकडे संशयाने बघतो.

उपाय : ए-बी हे शब्द ड्रॉइंगमधून काढा, प्लस-मायनस लिहा. प्रत्येक उपकरण एकटं चालू करून, केबल न जोडता, त्याच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. बऱ्याच उपकरणांत आतून थोडा बायस असतो, जो वर येतो तो प्लस. काहीच कळलं नाही तर अदलाबदल करून बघा, उलटं जोडल्याने ४८५ चा पोर्ट जळत नाही. पण बसवर एक जरी उलटा जोडला आणि त्याचा बायस मजबूत असला, तर तो बाकीच्यांनाही गप्प करतो.

चकलीचा_ट्रान्सफॉर्मर

सोसायटीच्या मीटिंगमध्येही असा एक नोड असतो.

रजिस्टरवाचक

टर्मिनेटर-बायसवर सांगून झालं आहे. डीई (ट्रान्सीव्हरचा ड्रायव्हर चालू-बंद करणारी) पिनकडे कोणी बघितलं नाही, तिथेही दोन घोटाळे आहेत.

पहिला बूटचा. निळ्या मॉड्यूलवर डीई, आरई (रिसीव्हर चालू-बंद करणारी), डीआय (पाठवायचा डेटा) आणि आरओ (आलेला डेटा) चारही पिनांना १० के ने ५ व्होल्टकडे ओढलेलं आहे. ईएसपी३२ रिसेट होऊन तुमचा कोड पिन आउटपुट करेपर्यंत ती पिन हवेत असते. म्हणजे डीई वर, ड्रायव्हर चालू, बस अडवलेली. वॉचडॉगने (कोड अडकला की रिसेट करणारा टायमर) रिसेट मारला की तेवढा वेळ सगळ्यांचं बोलणं बंद. डीई आणि आरई एकत्र करून जमिनीकडे १ के लावा. एकत्र केल्यावर वरचे दोन १० के मिळून ५ के होतात, खाली १ के, म्हणजे पिनवर ०.८३ व्होल्ट. "शून्य" समजायची मर्यादा ०.८ ची आहे, म्हणून ८२० ओहम लावा किंवा वरच्या दोनपैकी एक १० के उपटून टाका. उपटणं जास्त स्वच्छ. डीई साठी ३४ ते ३९ मधली पिन घेऊ नका, त्या फक्त इनपुट आहेत.

दुसरा घोटाळा डीई कधी खाली आणायचा याचा. ९६०० ला एक बाइट १.०४ मिलिसेकंद घेतो. "बफर रिकामा झाला" हा इशारा येतो तेव्हा शेवटचा बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडत असतो. तेवढ्यात डीई पाडला तर सीआरसीचा शेवटचा बाइट अर्धा कापला जातो. मीटर चुकीचं पॅकेट मुकाट्याने टाकून देतं, तुम्हाला दिसतो टाइमआउट. थांबायचं ते "ट्रान्समिशन पूर्ण" या इशाऱ्यासाठी. आर्डुइनोच्या वातावरणात असाल तर लिहून झाल्यावर सिरियलचं फ्लश फंक्शन बोलवा, मग डीई पाडा.

काही जण सुरक्षित म्हणून १० मिलिसेकंदांचा डिले टाकतात. तेही वाईट. मॉडबसमध्ये साडेतीन बाइटांची शांतता झाली की मीटर उत्तर द्यायला मोकळं असतं, ९६०० ला ती जेमतेम ४ मिलिसेकंद. चपळ मीटर पाचव्या मिलिसेकंदाला बोलायला लागतं आणि तुमचा ड्रायव्हर अजून बसवर बसलेला. पहिले चार-पाच बाइट खाल्ले जातात. आळशी मीटरबरोबर हाच कोड छान चालतो, म्हणून लोक मीटरला शिव्या घालतात.

ईएसपी-आयडीएफ (ईएसपीचं मूळ सॉफ्टवेअर किट) वापरत असाल तर यूएआरटीला आरएस-४८५ हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेला) मोडमध्ये टाका आणि आरटीएस पिन डीई ला द्या. मग वेळ हार्डवेअर सांभाळतं, सगळी कटकट मिटते.

निरुपयोगी_पण_हौशी

एवढं कशाला? ऑटो-डायरेक्शनचं मॉड्यूल मिळतं, डीई पिनच नाही. टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) जोडा, विषय संपला.

रजिस्टरवाचक

@निरुपयोगी_पण_हौशी, स्वस्त ऑटो मॉड्यूलमध्ये डीई हा टीएक्सवरूनच ट्रान्झिस्टरने उलटा करून घेतलेला असतो. शून्य पाठवताना ड्रायव्हर चालू, एक पाठवताना ड्रायव्हर बंद आणि बस बायसच्या भरवशावर. वर सौदामिनींनी त्या भरवशाचा हिशोब दिलाच आहे. टेबलावर दोन फुटांच्या वायरवर चालतं. ६० मीटर आणि सात नोड म्हटलं की "एक" ला कोणी वालीच नाही.

ऑटोच हवं तर मॅक्स१३४८७ई बघा. त्यात "एक" सुद्धा आधी जोराने ढकलतात, मग सोडतात. बायस मात्र तिथेही लागतोच.

निरुपयोगी_पण_हौशी

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. नाव सार्थ करतो आहे.

हडपसर_हायवे

ईएसपी सोडा, रास्पबेरी पाय आणि यूएसबी-४८५ डोंगल घ्या. कोड पायथॉनमध्ये, मिनिमलमॉडबस किंवा पायमॉडबस लायब्ररी. अर्ध्या दिवसाचं काम.

खटपटे

@हडपसर_हायवे, चालेल, पण अर्धा दिवस संपल्यावर पुढचं सुरू होतं. दोन डोंगल लावले की रीबूटनंतर शून्य नंबरचा कोणता आणि एक नंबरचा कोणता याची लॉटरी. डोंगलमध्ये एफटीडीआयची चिप असेल तर तिला स्वतःचा सिरियल नंबर असतो, त्यावरून यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारा भाग) नियम लिहिता येतो. सीएच३४० चिपला तो सहसा नसतो, तिथे यूएसबीच्या भौतिक पोर्टवरून नाव द्यावं लागतं. मग कोणी साफसफाई करताना डोंगल दुसऱ्या भोकात घातला की संपलं. त्यावर सरळ लेबल चिकटवा.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० लावल्या-लावल्या गायब होत असेल तर तो ब्रेल डिस्प्लेचा बीआरएलटीटीवाय प्रोग्रॅम त्याला आपला समजून पळवतो. लागत नसेल तर तो काढून टाका. परवानगी नाही म्हणत असेल तर यूजरला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या.

एफटीडीआयचा लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. छोट्या उत्तरांना तेवढा उशीर प्रत्येक वेळी लागतो. तो १ वर आणा.

पायच्या स्वतःच्या पिना (८ आणि १०) वापरणार असाल तर आधी सेटिंगमधून सिरियल लॉगिन कन्सोल बंद करा. नाहीतर बूट होताना कर्नलचे मेसेज मीटरांना वाचायला मिळतात.

नदीपात्र

पायच्या पिना आणि ईएसपीच्या पिना दोन्ही ३.३ व्होल्टच्या. मॅक्स४८५ हा ५ व्होल्टचा चिप, त्याचा आरओ ५ व्होल्ट बाहेर फेकतो. थेट जोडलं तरी काही महिने चालतं, म्हणून लोक जोडतात. मध्ये १ के आणि २ के चा डिव्हायडर टाका. उलट्या दिशेला काही लागत नाही, डीआय आणि डीई ला २ व्होल्टच्या वर "एक" समजतं.

मॅक्स४८५ ला ३.३ वर चालवू नका. डेटाशीटमध्ये ४.७५ ते ५.२५ दिलं आहे. ३.३ साठी मॅक्स३४८५ आहे, आणि मंद कडेचा हवा असेल तर मॅक्स३४८३.

काटेवाले_काका

वजनकाट्याकडे कोणी वळेना म्हणून लिहितो.

पहिली सूचना : इंडिकेटर उघडू नका. व्यवहारासाठी वापरात असेल तर त्यावर वैधमापनवाल्यांचं सील असतं, ते तुटलं तर पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागेल. जे काय करायचं ते मागच्या पोर्टवर.

डीबी-९ (मागचा नऊ पिनांचा कनेक्टर) मध्ये पाच नंबर ग्राउंड. दोन आणि तीनपैकी कोण बोलतो हे मॅन्युअलवर विसंबून ठरवू नका. इंडिकेटर चालू ठेवून काळा प्रोब पाचवर, लाल आधी दोनवर, मग तीनवर. ज्या पिनवर उणे ५ ते उणे १० व्होल्ट दिसतील ती त्याची टीएक्स. सतत डेटा सोडत असेल तर आकडा हलतो, पण उणेच राहतो. शून्याजवळची पिन म्हणजे त्याची आरएक्स. दोन्हीकडे काहीच नाही, म्हणजे पोर्ट सेटिंगमध्ये बंद आहे किंवा ते २० मिलिअँपचं करंट लूप आहे.

ही उणे दहाची पिन ईएसपीला थेट लावली तर ईएसपीला नमस्कार करा. मध्ये मॅक्स३२३२ (आरएस-२३२ चे व्होल्ट ईएसपीला झेपतील असे करणारा चिप) हवा. ३.३ व्होल्टवर चालवा, भोवती ०.१ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर आणि सप्लायवर पाचवा. जुन्या मॅक्स२३२ चं सर्किट बघून १ मायक्रोफॅरडचे लावलेत तरी बिघडत नाही, पण मॅक्स२३२ स्वतः ५ व्होल्टचा आहे, तो इथे नको. स्वस्त नकली मॅक्स३२३२ चालू केल्यावर तापतात. बोट लावून बघा. तापत असेल तर फेकून द्या.

वजन बहुतेक इंडिकेटर न विचारता सोडत राहतात. त्यामुळे पहिली ओळ अर्धवट मिळते, ती टाका. ओळीच्या शेवटच्या कॅरेज रिटर्नपासून पुढे मोजा. स्थिर आणि अस्थिर वजनाचं वेगळं अक्षर असतं, ते तपासल्याशिवाय आकडा डेटाबेसमध्ये घालू नका. नाहीतर गाडी काट्यावर चढतानाची वजनंही नोंदवाल.

आणि एक खूण लक्षात ठेवा. आकड्यांत ०, ३, ५, ६, ९ बरोबर दिसतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी कचरा येतो, असं झालं तर बॉड रेट बरोबर आहे. इंडिकेटर सेव्हन-ई-वन (सात डेटा बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट) मध्ये आहे आणि तुम्ही एट-एन-वन मध्ये वाचताय. ज्या आकड्यांच्या कोडमध्ये एकांची संख्या विषम, त्यांना पॅरिटीचा बिट आठव्या जागी चिकटतो. पॅरिटी बदला, किंवा आठवा बिट पुसून टाका.

नदीपात्र

काका, ती ०-३-५-६-९ वाली खूण भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. वाचनखूण साठवली.

सौदामिनी

ईएसपी३२ वर तीन यूएआरटी आहेत. शून्य नंबरचा प्रोग्रॅमिंगला ठेवा. दोन नंबरचा मीटरांना (१६-१७ पिना, पण व्रोव्हर मॉड्यूल असेल तर त्या पिना आतल्या मेमरीला गेलेल्या असतात). एक नंबरचा काट्याला द्या, मात्र त्याच्या मूळ पिना ९-१० फ्लॅशच्या आहेत, कोडमधून दुसऱ्या पिनांवर वळवा.

पिरंगुटकर

केबलबद्दल. सहा मीटरकडे सहा वेगळ्या केबल काढून पॅनेलमध्ये एका पट्टीवर एकत्र केल्या आहेत का? तो स्टार झाला. ४८५ ला माळ हवी : एका मीटरच्या टर्मिनलवर केबल आली, त्याच टर्मिनलवरून पुढे गेली. मधला फाटा निघालाच तर हातभर, त्याहून लांब नको. एका टर्मिनलमध्ये दोन तारा कोंबताना दोन तारांचं जुळं फेरूल (तारेच्या टोकावर दाबायची धातूची नळी) क्रिंप करा, नाहीतर एक तार हमखास सैल राहते.

शील्डवाली ट्विस्टेड पेअर इन्स्ट्रुमेंटेशन केबल घ्या, दोन पेअरची. एक पेअर ए-बी, दुसऱ्या पेअरमधून सिग्नलचा ग्राउंड. फॉइलला लागून उघडी ड्रेन तार असते, ती पूर्ण लांबीभर सलग आणि अर्थिंगला एकाच टोकाला. नेटवर्कची कॅट-५ चालते (ती १०० ओहमची आहे, या लांबीला फरक पडत नाही), पण तिची एकेरी तांब्याची तार मशिनच्या कंपनाने टर्मिनलजवळ तुटते.

अर्धा_व्होल्ट

दोन तारांत चालतं की, म्हणून तर डिफरन्शियल म्हणायचं. ग्राउंड कशाला?

पिरंगुटकर

कारण रिसीव्हरला दोन्ही तारा त्याच्या स्वतःच्या ग्राउंडपासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत लागतात. एका शेडचं अर्थिंग आणि दुसऱ्या शेडचं अर्थिंग यात वेल्डिंग चालू असताना दहा-पंधरा व्होल्ट सहज मिळतात. तेवढ्यात काम गेलं. पोर्ट आयसोलेटेड (आतल्या सर्किटपासून विजेने तोडलेला) असेल तर ग्राउंडची तार बिनधास्त जोडा. नसेल तर मध्ये १०० ओहम टाका, म्हणजे फिरता करंट आटोक्यात राहतो.

नदीपात्र

दोन शेडच्या मध्ये उघड्यावरून केबल जात असेल तर आयसोलेशनला पर्याय नाही. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तारेत सर्ज येतो आणि बोर्ड, मीटर दोन्ही मारतो. एडीएम२५८७ई मध्ये ट्रान्सीव्हर आणि आयसोलेटेड सप्लाय एकाच चिपमध्ये आहे, ५०० किलोबिट, महाग पण जागा कमी. स्वस्तात करायचं तर साधा ट्रान्सीव्हर, बी०५०५एस चा एक वॉटचा डीसी-डीसी आणि वेगवान ऑप्टो (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा चिप) ६एन१३७. डीई लाही ऑप्टो लागतो, म्हणजे तीन. पीसी८१७ लावू नका, मंद आहे, ९६०० ला कसाबसा आणि त्यापुढे बिट वाकडे करतो.

ए-बी वर एसएम७१२ टीव्हीएस (सर्ज शोषणारा डायोड). तो याच उणे ७ ते अधिक १२ साठी बनवलेला आहे. त्याच्या आणि चिपच्या मध्ये प्रत्येक तारेत १० ओहम. टीव्हीएस टर्मिनलच्या अगदी शेजारी, त्याचा ग्राउंड जाड आणि आखूड. पाच सेंटिमीटर बारीक ट्रॅकने जोडलेला टीव्हीएस शोभेचा असतो.

खटपटे

स्वतःचा बोर्ड करणार असाल तर एवढं ठेवा : २४ व्होल्ट इनपुट (पॅनेलमध्ये तोच असतो), त्यावर पॉलीफ्यूज आणि उलट्या जोडणीसाठी डायोड, मग बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग सप्लाय). ७८०५ रेग्युलेटर नको, २४ वरून ५ करताना १०० मिलिअँपलाच १.९ वॉट उष्णता काढतो आणि ईएसपी वायफायवर त्याच्या कितीतरी वर झटके घेतो. ईएसपीजवळ ४७० मायक्रोफॅरड. टर्मिनेटर आणि बायस दोन्हींना जंपर. उपसता येणारे ५.०८ मिलिमीटरचे टर्मिनल, म्हणजे बोर्ड बदलताना वायर सोडाव्या लागत नाहीत. टीएक्स-आरएक्सला एलईडी. ए, बी, ग्राउंडला टेस्ट पॉइंट, प्रोबची चोच अडकेल असे.

एलईडी चैन नाही. मास्टर विचारतोय पण उत्तर नाही, की मास्टरच गप्प आहे, हे लॅपटॉप न उघडता कळतं.

भोसरीचा_वायरमन

सगळ्यांचे आभार. स्टार होताच, माळ केली. मॉड्यूलचा आर७ ठेवला, शेवटच्या मीटरचा टर्मिनेटर ठेवला, बाकीचे बंद. आता ६२ ओहम. ५६० ची जोडी लावली, एका टोकाला २४८ मिलिव्होल्ट, दुसऱ्या टोकाला २४१. सहाही मीटर बोलतात.

नवीन प्रश्न दोन. एका मीटरला ४०००१ नंबरचं रजिस्टर (मीटरमधली आकड्याची जागा) वाचायला सांगितलं की एक्सेप्शन ०२ येतो. दुसऱ्याचा व्होल्टेज जवळजवळ शून्य दिसतो, डिस्प्लेवर २३० आहे.

रजिस्टरवाचक

एक्सेप्शन आला म्हणजे आनंद माना, तार, पत्ता, पॅरिटी सगळं पास. ०२ म्हणजे "या नंबरचं रजिस्टर माझ्याकडे नाही". ४०००१ हे नाव आहे, तारेवर जाणारा पत्ता ०. सुरुवातीचा ४ होल्डिंग रजिस्टर सांगतो आणि मोजणी एकपासून आहे. फंक्शन ०३, पत्ता ० द्या. मॅन्युअलमध्ये ३०००१ असेल तर फंक्शन ०४. एकदा हाताने पाठवून बघा : ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. पत्ता १ च्या मीटरला पहिली दोन रजिस्टर मागणारं हे पूर्ण पॅकेट आहे, सीआरसीसकट. सीआरसीचा खालचा बाइट आधी जातो.

दुसरं मीटर शब्दांचा क्रम उलटा देतं. २३०.० हा फ्लोट (दशांश आकडा) दोन रजिस्टरांत ४३६६ ०००० असा असतो. ०००० ४३६६ असा जोडलात तर इतका छोटा आकडा होतो की शून्यच छापला जातो. दोन रजिस्टरांची अदलाबदल करा.

चकलीचा_ट्रान्सफॉर्मर

म्हणजे महावितरणने व्होल्टेज दिला होता, तुम्हीच उलटा धरला.

भोसरीचा_वायरमन

दोन्ही सुटलं. आता फक्त ड्राइव्ह. कॉम्प्रेसर बंद असताना सातही नोड स्वच्छ. कॉम्प्रेसर सुरू झाला की सगळ्याच मीटरांना अधूनमधून सीआरसी एरर. ड्राइव्हची मोटर केबल आणि ४८५ एकाच ट्रेमधून जातात.

पिरंगुटकर

ट्रे वेगळा करा. समांतर धावत असतील तर किमान ३० सेंटिमीटर अंतर, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. मोटर केबल शील्डवाली घ्या आणि तिचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा, ४८५ च्या उलट. तिथे शील्डचं काम करंट परत आणायचं आहे.

सौदामिनी

आणि ड्राइव्हला मीटरांच्या बसवरून काढा. यूएआरटी तोच ठेवून दुसरा ट्रान्सीव्हर लावा : डीआय आणि आरओ दोन्ही चिपचे एकत्र, डीई-आरई वेगवेगळे. ज्या चिपचा आरई वर असतो त्याचा आरओ सुटा होतो, त्यामुळे भांडण नाही. आरओ ला १० के वर ओढून ठेवा. दुसऱ्या बसला तिचे स्वतःचे टर्मिनेटर आणि बायस. तो दुसरा ट्रान्सीव्हर आयसोलेटेड घ्या, पहिला साधा चालेल.

वेळेची चिंता नको. दहा रजिस्टरांसाठी ८ बाइट प्रश्न, २५ बाइट उत्तर, मिळून ३४-३५ मिलिसेकंद. मीटरचा विचार करायचा वेळ धरून १०० म्हणा. सातही जण सेकंदाच्या आत संपतात.

अर्धा_व्होल्ट

ट्रे बदलायच्या आधी स्वस्तातला प्रयोग : ड्राइव्हची ४८५ ची तार टर्मिनलवरून उपसा आणि कॉम्प्रेसर चालवा. एरर थांबले तर गडबड ड्राइव्हच्या पोर्टमधून आत येते आहे, आयसोलेशन लावा, ट्रे राहू द्या. एरर चालूच राहिले तर ट्रेमधून.

भोसरीचा_वायरमन

हा प्रयोग आधी करतो. शुक्रवारी सकाळी कॉम्प्रेसर चालू झाला की आकडे टाकतो.

खटपटे

टाकताना मीटरनुसार वेगळे टाका. ड्राइव्हच्या जवळच्या मीटरला जास्त आणि लांबच्याला कमी, की सगळ्यांना सारखेच, यावर पुढचं ठरेल. आणि रिट्राय लपवून ठेवणारी लायब्ररी असेल तर आधी रिट्राय शून्य करा, नाहीतर खरा आकडा दिसणारच नाही.